तंजावरचे दोन दिवस

मागील महिन्यात शनिवार-रविवार मी तंजावरास जाऊन आलो. सेमिनरीतील माझे तमिळ सहाध्यायी सोबतीस होते. रविवारची मिस्सा त्यांच्याच देवळात अर्पण केली.

नगर संगीताचे. तेथील वीणा फणसाच्या लाकडाची, दांडीवर मेणात बसविलेले चोवीस पडदे. एक पडदा बसविताना कारागीर पुनःपुन्हा तार छेडून कान लावीत होता.

येथे दीडशेहून अधिक वर्षे भोसल्यांचे राज्य होते. सरफोजी राजांचे गुरू श्वार्ट्झ हे प्रॉटेस्टंट मिशनरी. १७९८ साली ते वारले, तेव्हा राजांनी त्यांच्या थडग्यासाठी स्वतः इंग्रजी कविता रचली.

बृहदीश्वराच्या भिंतीवर याच राजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आहे. मित्र म्हणाले, “अरे, वाचून दाखव, तुझीच भाषा ना ही?” मी चार ओळींत अडखळलो. लेखाची मराठी जुनी, हे खरे. परंतु मनात आमच्या मोहगावची मुले आली : घरी मराठी, शाळेत हिंदी. तंजावरात मात्र काही मराठी घरांतून आजही आपली बोली चालते.

परतल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलास मराठी शुभवर्तमान वाचावयास दिले. तो दुसऱ्याच ओळीस थांबला. मी रागावलो नाही. त्याच्या शेजारी बाकावर बसलो.