मालवण किनाऱ्यावर प्रश्नावली

दैनंदिन वर्तन आणि मनःस्वास्थ्य हा मानसशास्त्राच्या विद्यार्थी-प्रकल्पांचा नेहमीचा विषय. साधन स्वस्त, उत्तरदाते शेजारीपाजारी आणि आकडेमोड झेपेल इतकीच. जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ ची पाच विधानांची प्रश्नावली यासाठी बरीच वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटले का, रोजच्या जगण्यात रस वाटला का, एवढेच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण; बेरजेला ४ ने गुणले की १०० पैकी गुण निघतात. ते ५० च्या आत आले तर पुढे चौकशी करावी, असा प्रघात.

प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत हीच प्रश्नावली मालवणात किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकरांच्या आणि मासे विकणाऱ्या बायकांच्या वाडीत नेली होती. तिथे संमतिपत्राआधी ‘कोणाचो झील (मुलगा) तू?’ याचे उत्तर द्यावे लागते. प्रश्न एकाला विचारला तरी उत्तर पडवीतले सगळे मिळून देतात, आणि एकान्त मागावा तर संशय येतो. गोपनीयता पाळायची तर जाळे दुरुस्त करणाऱ्याशेजारी मांडी घालून हळू आवाजात बोलणे, हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

चौथे विधान इथे फसवे ठरते. रात्री जाळे टाकून पहाटे परतणारा माणूस ‘ताजेतवाने उठलो’ याला कमी गुण देणारच. त्यात मनाच्या उदासीपेक्षा धंद्याची वेळ अधिक बोलते. ऋतूचेही तसेच. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, पावसात पर्यटनाच्या होड्याही किनाऱ्यावर चढवलेल्या असतात आणि महाविद्यालयीन वर्ष नेमके तेव्हाच सुरू होते. ‘पंधरा दिसांचां काय इचारतंस? धंदोच बंद आसा,’ या एका बाईच्या बोलण्यात नमुना-निवडीवरची सगळी टीका आली.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली पद्धत किनाऱ्याला अधिक मानवते. टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना त्यांनी कालचा दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला लावला आणि प्रत्येक प्रसंगी कसे वाटले ते विचारले. मालवणात ‘तुम्ही समाधानी आहात का’ याला ‘बरां आसा’च्या पुढे उत्तर जात नाही, काल काय केले, हे मात्र माणसे रंगून सांगतात. होडीतून अर्धगोलात टाकलेल्या रापणीचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढले जातात, आणि दोराला हात लावणाऱ्या येणाऱ्याजाणाऱ्यालाही थोडीफार मासळी मिळते. अंग मोडून काढणारे हे काम त्यांच्या कालच्या दिवसाच्या वर्णनांत सुखाच्या प्रसंगांत येई, अगदी जाळ्यात चार तारल्याच लागल्या तरी. मासे विकणाऱ्या बायकांना लिलावातली घासाघीस दमवी, पण कंटाळा मात्र टोपलीत माल उरलेल्या दुपारीच नोंदला जाई. संगतीने केलेले कष्ट आणि एकटीने काढलेला वेळ यांतला हा फरक पाच विधानांच्या बेरजेत दिसत नाही.

मात्र एकाच दिवसावर भिस्त ठेवण्यातही अडचण आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, असा भरतीचा फेरा साधारण पंधरवड्याचा. भरतीच्या जोरावर जाळे केव्हा टाकायचे ते ठरते, त्यावर झोप आणि झोपेवर मनःस्थिती. म्हणजे दोन आठवड्यांचा प्रश्न योगायोगाने उधाण-भांग दोन्ही कवेत घेतो. ‘काल’चा प्रश्न त्यांतल्या एकातच सापडतो. म्हणून दोन्ही साधने जोडीने वापरावीत, आणि प्रत्येक प्रश्नावलीवर दिनांकाखाली तिथी, बंदीचा काळ आणि आदल्या रात्री होडी गेली होती की नाही, हे लिहून ठेवावे.