तेरीज जुळली, पण...

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घरातल्या यंत्रांविषयी कोणी काही विचारत नाही. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा दारात दिसला की आई त्याला मिक्सर दाखवते. मला मात्र दुधाचा हिशेब करायला बसवते. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात आमचा गिझर बंद पडला, तेव्हा मी मनाशी ठरवले, की हा मीच दुरुस्त करणार.

बेळगावचा पाऊस बाहेरच्यांना सांगून कळायचा नाही. एकदा लागला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि सकाळी गार पाण्याला हात लावायची हिंमत होत नाही. आमच्याकडे पूर्वी तांब्याचा बंब होता. मी दहावीत असताना गिझर आला आणि बंब माळ्यावर गेला. आजीला तो बदल मानवला नाही. "जाळ दिसत नाही, मग पाणी तापलं हे कळायचं कसं?" हा तिचा प्रश्न. मी तिला गिझरवरचा लाल दिवा दाखवला. तो लागला आहे तोवर पाणी तापते आहे, विझला की तापले. तिने तेवढे पाठ करून टाकले.

थर्मोस्टॅट गेला आहे, असे दुकानदाराने सांगितले. मी नवा घेऊन आलो. मिस्त्रीची मजुरी तीनशे रुपये. ती वाचली म्हणून वाटेतच मला आनंद झाला होता.

थर्मोस्टॅट ही वस्तू दिसायला साधी. पितळेची एक लांब नळी आणि तिच्यात इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची दांडी. पाण्याबरोबर नळी तापते आणि लांबते. दांडी जवळजवळ लांबतच नाही. या फरकामुळे वरचे बटण सुटते आणि वीज बंद होते. ज्या शास्त्रज्ञाने निकेल आणि लोखंडाच्या या मिश्रणाचा अभ्यास केला, त्या शार्ल गिय्योम यांना १९२० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात हे सगळे मी नंतर वाचले. त्या दिवशी मला फक्त दोन स्क्रू दिसत होते.

मेन स्विच बंद केला, हे माझ्या हातून झालेले एकमेव शहाणपण. नंतर मी आतल्या सगळ्या वायरी एकदम सोडवल्या. खिशात फोन होता, पण आधी एक फोटो काढावा हे सुचले नाही. उष्णतेने सगळ्या वायरी काळपट पडल्या होत्या. लाल कोणती आणि काळी कोणती, ते ओळखू येईना.

दोन वायरी आणि दोन स्क्रू, एवढे गणित मांडून मी थर्मोस्टॅटच्या एका टोकाला फेज जोडली आणि दुसऱ्याला न्यूट्रल. मेन स्विच चालू करून गिझरचे बटण दाबताच खाडकन आवाज झाला आणि एमसीबी पडली. थर्मोस्टॅट हे नुसते बटण आहे. ते वाटेत बसवायचे असते, म्हणजे त्यातून गेलेली वीज पुढे कॉइलमधून जाऊन मग परतली पाहिजे. मी कॉइलला वगळून येणारी वाट परतीच्या वाटेला थेट जोडली होती. 'शॉर्ट' म्हणतात ते हेच.

ही चूक लगेच कळली, म्हणून लगेच सुधारलीही. एक वायर थर्मोस्टॅटमधून कॉइलकडे, दुसरी थेट कॉइलला. एक हिरवी वायर मात्र उरली. तिच्यासाठी स्क्रू सापडेना, तेव्हा तिच्या टोकाला टेप गुंडाळून ती आत सारली आणि झाकण लावले. लाल दिवा लागला. वीस मिनिटांनी आपोआप विझला. कढत पाणी आले. आईने शेजारणीला बोलावून सांगितले. त्या दिवशी दुधाचा हिशेब मला कोणी विचारला नाही.

चार दिवसांनी आजी म्हणाली, "बाळ, नळाला हात लावला की मुंग्या येतात बघ. आणि दिवा विझला की जास्तच येतात."

मला हसू आले. दिवा विझला म्हणजे वीज बंद. मग मुंग्या जास्त कशा येतील? मी म्हणालो, "आजी, तुझा वात असेल तो. या हवेत सगळ्यांचेच सांधे धरतात." ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने पातेल्यात पाणी घेऊन ते गॅसवर तापवायला सुरुवात केली. मी पाहिले आणि जुन्या माणसांची सवय म्हणून सोडून दिले.

पुढच्या आठवड्यात सरांनी वर्गात तेरजेचा धडा घेतला. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे समजू नका, म्हणाले. एखादी नोंद करायचीच राहिली, तरी तेरीज जुळते. आणि ज्याच्या नावे लिहायचे त्याचे जमा केले, ज्याचे जमा करायचे त्याच्या नावे लिहिले, तरीही जुळते. दोन्ही बाजूंची बेरीज तीच येते. सर फळ्यावर पाचशे रुपयांचे उदाहरण लिहीत होते आणि मला मात्र टेप गुंडाळलेली हिरवी वायर दिसत होती. करायची राहिलेली नोंद! आणि दुसरी चूक? काळ्या पडलेल्या दोन वायरींपैकी फेज कोणती, हे मी तपासलेच कुठे होते?

घरी येऊन पहिल्यांदा गिझरचे बटण बंद केले आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या अण्णांकडे गेलो. ते वायरमन. त्यांचे-माझे बोलणे कन्नडमध्ये चालते. शाळा मराठी असली तरी गल्लीने मला ती भाषा फुकट शिकवली आहे. अण्णांनी झाकण काढले, आत पाहिले आणि मान न वळवता विचारले, "यार माड्यार इदन्न?" हे कोणी केले, या प्रश्नाला उत्तर द्यायला मला दोन्ही भाषांत शब्द सापडेना. शेवटी म्हणालो, "नाने, अण्णा." मीच.

ते रागावले नाहीत. आजीला मात्र त्यांनी आपल्या मोडक्या मराठीत मुंग्यांविषयी बारीकसारीक विचारले. "दिवा विझल्यावर जास्त?" "होय की." अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "तम्मा, आजी बरोबर सांगते."

मग त्यांनी समजावले. थर्मोस्टॅट फेजवर हवा. मी तो न्यूट्रलवर बसवला होता. त्यामुळे पाणी तापल्यावर परतीची वाट तुटायची, दिवाही विझायचा, पण येणारी वीज कॉइलमध्ये तशीच उभी राहायची, पूर्ण २३० व्होल्टने. कॉइल जुनी झालेली, तिच्या आवरणातून थोडी वीज पाण्यात आणि टाकीत झिरपत होती. तिला जमिनीत नेणारी हिरवी वायर मी टेप लावून गप्प केली होती. टाकीपर्यंतचा पाइप प्लास्टिकचा, गिझरपासून नळापर्यंतचा लोखंडी. जमिनीकडे जायला त्या विजेला एकच वाट उरली होती: ओल्या फरशीवर उभी असलेली माझी आजी.

अण्णांनी कॉइल बदलली, फेज थर्मोस्टॅटवर घेतली, हिरवी वायर टाकीच्या स्क्रूला आवळली. मग मीटर लावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये जवळजवळ शून्य, हे मला वाचायला लावले. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबीही बसवला. तो आमच्या जुन्या घरात नव्हताच. तीनशे रुपये वाचवण्याच्या नादात किती खर्च झाला, ते मी वहीत लिहून ठेवले आहे. इथे सांगत नाही.

वर्षभर आम्ही अर्थशास्त्र वाचतो, पण या 'अर्थ'कडे माझे लक्ष गेले नव्हते. आणि मित्रहो, खरी टोचणी विजेची नाहीच. माझ्या घरात एक बिनचूक मीटर होता. त्याने पहिल्याच आठवड्यात आकडा दाखवला होता, आणि मी त्याला वात म्हटले.

संध्याकाळी लाल दिवा लागला आणि विझला. आजी न्हाणीघराच्या दारात उभी होती. "आता लावू काय हात?" तिने विचारले.

"थांब," मी म्हणालो, आणि आधी माझा हात नळावर ठेवला.