कच्ची पपई आणि बाभळीचा कोळसा

बोदवडला आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे कबाबाच्या सळया घरात कधी विकत आल्या नाहीत. जुन्या चाकातले सरळ स्पोक अब्बा वेगळे काढून ठेवत, गंज घासत आणि एका टोकाला पक्कडीनं कडी वळवत. गोल तारेवर बोटी जागच्या जागी फिरते. एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते. म्हणून अब्बा दोन स्पोक बोटभर अंतरावर धरून त्यांत एकदमच बोट्या ओवत. मुंबईत पुढे चपट्या सळया पाहिल्या तेव्हा कळलं, की हाच प्रश्न तिथल्या कारागिरांनी लोखंड ठोकून सोडवला होता.

बकरी ईदला कुर्बानीचे तीन वाटे होत: घरचा, नातेवाइकांचा आणि गरिबांचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरच्या वाट्यातल्या बोट्या गच्चीवर भाजल्या जात. मांस म्हशीच्या जातीचं, आमच्या बोलण्यात ‘बडे का’. राज्याच्या १९७६ च्या कायद्यातली दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली आणि गायीबरोबर बैल आणि वळूही कत्तलीला बंद झाले. म्हैस आणि रेडा त्यातून बाहेर राहिले. हे मांस चिवट असतं. वय झालेल्या जनावराचं तर फारच. आमच्या घरातली सगळी अक्कल त्या चिवटपणाशी झुंजण्यात खर्च झाली आहे, आणि मला ती अक्कल मोठी वाटते.

अम्मीचं शस्त्र म्हणजे कच्ची पपई. ती सालीसकट पाट्यावर वाटायची, कारण चीक सालीजवळ जास्त असतो. त्या चिकातलं पपेन मांसाचे धागे तोडतं. गंमत अशी, की त्याचा खरा जोर थंड भांड्यात नसतो. साठ-सत्तर अंश उष्णतेला ते सर्वात जास्त काम करतं, म्हणजे सळई निखाऱ्यावर चढल्यावर. म्हणूनच पपई जास्त झाली, की बोटी बाहेरून पिठासारखी होते आणि तारेवरून गळते. किलोला दोन चमचे आणि दोन तास, एवढंच अम्मीचं माप. नंदुरबारकडे पपईच्या एवढ्या बागा आहेत, तरी मांसाला ती लावायची हे खानदेशातल्या कितीतरी घरांना अजून नवलाचं वाटतं.

जाळही पारखावा लागतो. भरताच्या वांग्याला कापसाच्या काड्या हव्यात: भडका मोठा, साल चटकन जळते, धूर आत मुरतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चवीत काड्यांचा वाटा मोठा आहे, असं मी मानतो. बोटीला मात्र भडका चालत नाही. तिला बाभळीचा कोळसा लागतो, वर राखेचा पातळ थर आलेला.

नोकरीनं मला सिंगापूरला नेलं. तिथे लाउ पा सात या ओतीव लोखंडाच्या जुन्या मंडईलगतचा बून टॅट रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद होतो आणि साते या तिथल्या कबाबाच्या शेगड्या पेटतात. बांबूच्या काडीवर बोटाएवढे तुकडे, त्यांना हळद, धणे, छोटे कांदे आणि गवती चहाचं वाटण, सोबत शेंगदाण्याची दाट चटणी. गवती चहाची दांडी एका टोकाला ठेचून तिचाच कुंचला करायचा आणि त्यानं तेल लावत जायचं. हळद, धणे, कांदा, शेंगदाणा: चार ओळखीची माणसं परक्या गावी भेटावीत तसं झालं मला. कोरियातले लोक मांस मऊ करायला नासपती किसून लावतात. ज्याच्या परसात जे फळ, त्याच्या हाती तीच युक्ती.

आता बोदवडच्या गच्चीवर मी सोया सॉस, आलं, लसूण आणि तिळाचं तेल लावतो, पपई अम्मीच्याच मापानं. मांस तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून घट्ट करतो, म्हणजे धाग्याच्या आडवे पातळ काप सुरीला जमतात. साखरेऐवजी गूळ, पण तो विरघळवून अगदी शेवटी फिरवायचा, नाहीतर मांस शिजायच्या आत तो जळून कडू होतो. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात.

या ईदला मुलाला पपईऐवजी अननस लावून पाहायचा आहे. मी हो म्हटलंय. फक्त अननसाला दोन तास द्यायचे नाहीत, अर्ध्या तासात सळया निखाऱ्यावर चढवायच्या.