‘पाइल ऑन’

इंग्रजी वर्तमानपत्रे चाळताना अलीकडे एक शब्द वरचेवर दृष्टीस पडतो : ‘पाइल ऑन’. ‘पाइल’ म्हणजे ढीग. एखाद्याच्या हातून चूक घडावी, कोणी त्यास बोल लावावा, आणि मग दुसरा, तिसरा, दहावा असा जो तो येऊन त्याच्यावर तुटून पडावा, या प्रकारास हे नाव आहे.

आपल्याकडे ‘तोंडसुख घेणे’ आहेच; मग या परक्या शब्दात विशेष ते काय, असे वाचक विचारतील. विशेष आहे, आणि ते अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावरचे आहे. (हा फुटबॉल नावाचाच, चेंडू बहुधा हातातच असतो.) चेंडू घेऊन धावणाऱ्यास धरून खाली पाडणे हा त्या खेळाचाच भाग होय. तो पडला की डाव थांबतो. त्यानंतर जो कोणी त्याच्या अंगावर उडी घेईल, त्याच्या संघास १५ यार्डांचा दंड. या अपराधाचे नाव ‘पायलिंग ऑन’. पहिल्याने केले तेच दुसऱ्याने केले. पण पहिला निर्दोष, दुसरा दोषी! कारण दुसरा आला तेव्हा माणूस जमिनीवर होता.

तेव्हा दोष संख्येचा नव्हे. आपल्या कबड्डीत चढाईस आलेल्या गड्यास चौघे-पाच जण मिळून धरतात. त्यात वावगे काही नाही, तो अजून मध्यरेषेकडे धडपडत असतो. अधिकारावर असलेल्या मंत्र्यास दहा संपादकांनी जाब विचारला, तर त्यास मी हा शब्द लावणार नाही. काही चतुर माणसे मात्र रास्त टीका चुकविण्यासाठीही याच शब्दाआड लपतात.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या दूध सोसायटीची सभा रविवारच्या मिस्सानंतर भरली. चिटणीसाने तीन महिन्यांचा हिशेब लिहिला नव्हता. एका वृद्ध सभासदाने त्याविषयी विचारले, आणि योग्यच विचारले. चिटणीस उभा राहून म्हणाला, “माझे चुकले. आठ दिवसांत पुरा करतो.” शिटी वाजावयाची ती येथे. पण एकामागून एक माणसे उठू लागली. कोणी पाच वर्षांपूर्वी नासलेले दूध काढले, कोणी त्याच्या वडिलांचे कर्ज. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडेफार तथ्य होते, हीच त्यातली कठीण गोष्ट. तेराव्याने तर हिशेबाचे नावसुद्धा घेतले नाही.

तिसऱ्या दिवशी चिटणीसाने किल्ल्या आणून दिल्या. त्याची बायको दूध घालावयास स्वतः येत असे. ती आता मुलीच्या हाती चरवी पाठवू लागली. वही मात्र कित्येक महिने तशीच कोरी राहिली, कारण ते काम अंगावर घेण्यास त्या तेरांपैकी एकही पुढे आला नाही.