वायलरविषयीचं माझं मत

फिल्म सोसायटीच्या एका चर्चेत, तिशीत असताना, मी ठणकावून म्हणालो होतो, ‘‘विल्यम वायलर हा कारागीर. कलावंत नव्हे.’’ हिचकॉक एका चौकटीवरून ओळखू येतो, जॉन फोर्डचं आभाळ ओळखू येतं. वायलरचं काय ओळखायचं? ‘जेझबेल’, ‘रोमन हॉलिडे’ आणि ‘बेन-हर’ एकाच माणसाचे आहेत हे सांगूनही पटत नाही. दिग्दर्शनासाठी त्याला ऑस्करची १२ नामांकनं मिळाली, तो विक्रम अजून अबाधित आहे. तोही मी त्याच्याविरुद्ध वापरला. सगळ्यांना चालतो, म्हणजे स्वतःचं काही नाही.

हे मत मी वर्षानुवर्षं बोललो, लिहिलं. आज ते मागे घेतो.

यंदाच्या पावसाळ्यात ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ (१९४६) पुन्हा पाहिला. युद्धावरून परतलेल्या होमर, अल आणि फ्रेड या तिघांची गोष्ट. त्यातल्या होमरला हात नाहीत. ती भूमिका करणाऱ्या हॅरल्ड रसेलचे दोन्ही हात सैन्यात प्रशिक्षण चालू असताना स्फोटात गेले होते. बारमध्ये होमर लोखंडी आकड्यांनी पियानो वाजवतो. अल शेजारी उभा राहून कौतुक करतो आहे. आणि पार मागे, कोपऱ्यातल्या टेलिफोनच्या खोक्यात, अंगठ्याएवढा दिसणारा फ्रेड अलच्या मुलीशी असलेलं नातं तोडतो आहे. ते तोडायला त्याला अलनंच सांगितलंय. ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्यात जवळचं-लांबचं सगळं सारखंच स्पष्ट. पहिल्या खेपेला मी पियानोच पाहिला होता. या वेळी अलची नजर वळली तशी माझीही वळली, आणि घशाशी आवंढा आला. वायलरनं बोट दाखवलं नव्हतं. कुठे पाहायचं ते माझ्यावर सोडलं होतं.

मग त्याचं आयुष्य नव्यानं वाचलं. जन्म १९०२, आल्सासमधलं म्युलूझ. युनिव्हर्सलचे कार्ल लेम्ले आईच्या नात्यातले. त्यांच्यामुळे अमेरिकेत आला, मूकपटांच्या काळात दोन-दोन रिळांचे वेस्टर्न काढत शिकला. दुसऱ्या महायुद्धात नामांकित दिग्दर्शक असूनही वायुदलात गेला, बॉम्बफेकी विमानांत बसून ‘मेम्फिस बेल’चं चित्रण केलं. १९४५ मध्ये इटलीवर उडताना एका कानानं बहिरा झाला. ‘बेस्ट इयर्स’ त्यानंतरचा. फ्रेडचं फोनवरचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, ते मला आता उगाच वाटत नाही.

चाळीस-चाळीस टेक घेतो म्हणून त्याची ख्याती होती. त्याला मी अनिश्चितता म्हणायचो. नटाचा अभिनय गळून पडेपर्यंत तो थांबत होता, असं आज वाटतं. इतकं थांबणं, आणि मग स्वतः चौकटीतून दूर होणं, हीच त्याची शैली. ती मला दिसली नाही, कारण मी सही शोधत होतो.

त्या चर्चेला असलेल्या कुणी माझ्या शब्दावर वायलर पाहायचा सोडला असेल, तर त्यांना मनापासून विनंती आहे: हा चित्रपट पाहा, आणि पियानो वाजू लागला की मागच्या कोपऱ्याकडे पाहा.