गवताची टेकडी

पुण्याने बागा फार हौसेने केल्या. सारसबागेच्या जागी पूर्वी तळं होतं. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी ते करवून घेतलं, मधे बेट राखलं आणि १७८४ साली सवाई माधवरावांनी त्या बेटावर गणपती बसवला. पुढे तळं गेलं, हिरवळ आली. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र तो अजून तळ्यातलाच गणपती आहे. शेजारच्या पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी धावते. तेव्हा तिच्या डब्यातून हात हलवणारी पोरं आज नातवंडांचं बोट धरून तिकिटाच्या रांगेत उभी असतात. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यानात ओकायामाच्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर दहा एकरांची बाग केली आहे. तिथे पाणी इतक्या सावकाश वळतं की बघणाराचं बोलणंही आपोआप हळू होतं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरलं की निम्मं शहर गुलाबांपुढे वाकलेलं दिसतं. पहाटे संभाजी बागेच्या फाटकाशी कारल्याचा, दुधीचा, गव्हांकुराचा रस मिळतो. तो पिताना तोंडं वाकडी करणारी माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच असतात. या सगळ्यांवर माझा जीव आहे. वन बीएचकेत पाच माणसं राहणाऱ्या घराला बाग म्हणजे काय, हे ज्याने संध्याकाळी सात वाजता सारसबागेतली भेळ खाल्ली आहे त्याला सांगावं लागत नाही.

तरी शहराच्या पश्चिमेला एक जागा आहे, जी कुणी केलेली नाही. चतुःशृंगीपासून कोथरूडपर्यंत आणि विधी महाविद्यालयाच्या मागून पाषाणपर्यंत पसरलेली वेताळ टेकडी. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. टेकडीचा माथा आठशेच्या आसपास. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे, एका अंगाला जुनी दगडाची खाण आहे आणि तिच्या तळाशी पाणी साठलेलं असतं. वर यायला वाटा पुष्कळ: गोखलेनगरकडून, पंचवटीकडून, कोथरूडकडून. प्रत्येकाची वाट ठरलेली असते आणि प्रत्येकाला ती इतरांच्या वाटेपेक्षा बरी वाटते. टेकडीवर तिकीट नाही, भोंगा वाजवून बाहेर काढणारा पहारेकरी नाही. मी वर्षानुवर्षं तिथे जाते आणि दरवेळी वरच्या सपाटीवर पाऊल पडलं की छातीत काहीतरी सैल होतं.

खाणीच्या कडेला उभं राहिलं की टेकडी कशाची आहे ते कळतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुढचा आला. दोन उद्रेकांच्या मधे इतका काळ जाई की खालच्या खडकाची माती होऊ लागे. मग नवा रस येऊन ती माती भाजून काढी. सह्याद्रीच्या घाटात काळ्या कातळांच्या मधे तांबडी पट्टी दिसते, ती हीच. त्या सगळ्याच्या अगदी वर, आपल्या चपलांखाली, आहे ती वीतभर माती. कुठे तेवढीही नाही. नुसता मुरूम आणि कातळ. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. एवढ्या मातीवर आणि एवढ्या पाण्यावर जे जगू शकतं ते गवत. आणि गवतात अंतर राखून उभी असलेली थोडी झाडं: सालई, मोई, गणेर, खैर, मेडशिंगी.

हे नीट सांगावंसं वाटतं, कारण टेकडीवर येणाऱ्या बहुतेकांना तिच्यात काहीतरी उणं आहे असं वाटत असतं. मागे एक काका भेटले. सत्तरीच्या पुढचे. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढत होते. मी एक कॅन घेतला. म्हटलं, "काका, एवढं पाणी कुणाला?"

"पिंपळ लावलाय. हिच्या नावाने." थोडं चालून म्हणाले, "एवढा उघडा डोंगर बघवत नाही हो."

आळं केलेलं, भोवती दगड रचलेले, पानांवरची धूळसुद्धा पुसलेली. त्या पिंपळापुढे मी काहीच बोलले नाही, आणि आजही बोलणार नाही. माणसाने आपल्या माणसाची आठवण पाणी घालून जगवावी, याहून टेकडीचा चांगला उपयोग कोणता? पण ते 'उघडा' माझ्या मनात रुतून बसलं. काकांनी ते मायेने म्हटलं होतं. दुसरे कुणी तेच नकाशा समोर पसरून म्हणतात.

जूनमध्ये वर या. पहिला पाऊस पडून चार-पाच दिवस झालेले असावेत. गवत अजून फुटलेलं नसतं, जमीन तपकिरीच असते, आणि तिच्यातून काळ्या मुसळीची पिवळी फुलं थेट मातीला टेकून उमललेली दिसतात. फूल बोटाच्या पेराएवढं, सहा पाकळ्यांचं. उभ्याने चालणाऱ्याला ते दिसतच नाही. त्याच दिवसांत नवरंग येतो. हा पक्षी थंडी दक्षिणेत काढतो आणि पावसाच्या तोंडाशी घरटं करायला इकडे वर येतो. हिरवी पाठ, निळा झगमगता खांदा, पोटाखाली लाल. एवढे रंग अंगावर असून तो बसतो झुडपाच्या सावलीत, पाचोळ्यात. आधी येते ती शीळ, दोन सुरांची, स्वच्छ. वेताळ टेकडीवर ती ऐकू आली की ओळखीचे लोक एकमेकांना फोन करतात. चातकही येऊन पोचलेला असतो, आफ्रिकेहून, आणि सातभाईंच्या घरट्यांवर लक्ष ठेवून असतो. त्याची पिल्लं तेच वाढवणार असतात.

श्रावणात टेकडी हिरवी होते, तेव्हा कौतुक करायला सगळेच येतात. मला त्याच्या पुढचे दिवस जास्त आवडतात. भाद्रपदात गवत गुडघ्याला लागतं आणि त्याच्यात तेरडा, सोनकी, कवला आपापल्या जागा धरून बसतात. कळलावी कुठल्यातरी काटेरी झुडपाच्या आधाराने वर चढून आपली लाल-पिवळी फुलं उलटी वळवून उभी असते. कोळ्यांची जाळी दवाने भरतात. मुंग्यांची वारुळं, चतुर, नाकतोडे, त्यांच्यावर टपलेला खाटीक, त्याच्यावर टपलेला शिक्रा. चंडोल गवताच्या बुंध्याशी, जमिनीवरच अंडी घालतो आणि मग आकाशात सरळ वर चढत गाणं म्हणतो. त्याला बसायला फांदी लागत नाही. त्याला वर मोकळं आभाळ आणि खाली मोकळं गवत लागतं, आणि शहराच्या आसपास ते दिवसेंदिवस कमी होत चाललं आहे.

मग कार्तिक येतो आणि कुसळं. टेकडीवरून उतरल्यावर मोज्यांतून, पायजम्याच्या काठातून कुसळं काढत बसणं हा इथला एक नेमच आहे. लोक वैतागतात. मी एकदा एक कुसळ तळहातावर घेऊन त्याच्यावर पाण्याचा थेंब सोडला आणि नंतर तासभर हेच करत बसले. कुसळी गवताच्या बियाला एका टोकाला सुईसारखी अणी असते, अणीवर मागे वळलेले बारीक केस, आणि दुसऱ्या टोकाला लांब, काळसर, पीळ पडलेली शेपटी. हवा कोरडी असली की पीळ घट्ट होतो. रात्री दव पडलं की तो उलगडतो. उलगडताना आणि पुन्हा पिळताना बी गिरमिटासारखं फिरतं, आणि केस मागे वळलेले असल्यामुळे ते फक्त पुढेच सरकू शकतं. दव आणि ऊन, दव आणि ऊन: असं करत बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं. ना मजूर, ना खड्डा, ना टँकर. वीतभर मातीच्या डोंगरावर गवताचा संसार टिकतो तो असा. मोज्यातलं कुसळ काढताना आता मी ते बाजूच्या मातीत टोचते.

या डोंगराला 'झाडी' देण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले. वनखात्याने लागवड केली, आणि त्यात मोठा वाटा गिरिपुष्पाचा होता. मध्य अमेरिकेतलं हे झाड; वाईट मातीत तगतं, भराभर वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत. हिरवळ हवी म्हणून ते लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता. आज टेकडीच्या मोठ्या भागात त्याची एकसुरी राई आहे. फेब्रुवारीत तिला फिकट गुलाबी फुलं येतात आणि ती सुंदर दिसतात, हे खरं. पण त्या राईत शिरा आणि कान द्या. मग तिथून बाहेर येऊन सालईखाली उभे राहा आणि पुन्हा कान द्या. फरक सांगायला पक्षिशास्त्रज्ञ लागत नाही.

माघ-फाल्गुनात गणेर फुलतो. अंगावर एक पान नाही, वाकड्यातिकड्या राखाडी फांद्या, आणि टोकाटोकाला पसाभर पिवळी फुलं. त्याने पावसाचे महिने पानं जोपासून घेतली, ती टाकली आणि आता साठवलेलं सगळं फुलांत ओततो आहे. सालईची साल कागदासारखी सुटत असते. खरवडली तर धुपाचा वास येतो. भोवती वाळलेलं सोनेरी गवत. इथून पुढे भीती असते ती वणव्याची. कुणाची विडी, कुणाचा वाढदिवसाचा आकाशकंदील. म्हणून थंडी सरता सरता जाळरेषा काढतात, म्हणजे गवताची एक पट्टी आधीच सांभाळून जाळून घेतात. ती काळी पट्टी बघून नवखे लोक हळहळतात. जुने लोक तिच्या अलीकडच्या शाबूत गवताकडे बघतात.

माणसांविषयी थोडं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं इथे धावतात, अनवाणी सुद्धा. हृदयाचं ऑपरेशन झालेले गृहस्थ पहिल्यांदा इथे चढून येतात तेव्हा देवळाशी लोक त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवतात. घरात न मांडता येणारी भांडणं आणि प्रेमं इथे चालत चालत होतात. शेजारची फर्ग्युसनच्या मागची टेकडी तर याहून मोठ्या गोष्टीची साक्षीदार आहे: १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी भारत सेवक समाजाची शपथ तिथे घेतली. शहरात सभागृहं होती, देवळं होती, वाडे होते. आयुष्य देऊन टाकण्याची शपथ घ्यायला ही माणसं उघड्या डोंगरावर गेली. मला त्याचं मुळीच आश्चर्य वाटत नाही.

आणि आता रस्ता. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून जाणाऱ्या रस्त्याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे; जोडीला बोगद्यांचेही बेत आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध मोर्चा निघाला तेव्हा भर उन्हात आजी-आजोबा, कॉलेजची मुलं, कडेवर लेकरं घेतलेल्या आया चालत होत्या. हे शहर टेकड्यांसाठी पूर्वीही भांडलं आहे. महापालिकेत आलेल्या तेवीस गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण असावं असा आग्रह वर्षानुवर्षं धरला गेला, तेव्हा कुठे २०१५ मध्ये राज्य सरकारने त्याला मान्यता दिली. वाहतुकीचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. विधी महाविद्यालय रस्त्यावर संध्याकाळी मीही अडकते. पण रस्ता जिथून जाईल ती जागा 'मोकळी' आहे, असं जेव्हा लिहिलं जातं, तेव्हा माझा आवाज चढतो. डोंगरावर पडलेला पाऊस भेगाभेगांतून झिरपत पायथ्याच्या विहिरींत उतरतो. त्या भेगा कापल्यावर पाणी कुठे जायचं, ते पुन्हा ठरवता येत नाही.

टेकडीला काहीच करू नये असंही नाही. पायवाटा रुंद होत चालल्या आहेत. पावसाचं पाणी त्यांतून धावतं आणि त्यांचे ओहोळ होतात. तिथे दहा-दहा पावलांवर इथलेच दगड आडवे रचले की पाण्याचा वेग मोडतो आणि माती थांबते. कचऱ्याचे डबे पायथ्याशी असावेत. रात्री दिवे नकोत, पेव्हर ब्लॉक नकोत, व्यायामाची लोखंडी यंत्रं खालच्या बागांत आहेत तेवढी पुरेत. ज्यांना झाडं लावायची आहेत त्यांनी गिरिपुष्पाच्या राईत जागा करून तिथे सालई, मोई, गणेर लावावेत आणि कुरण कुरणाला ठेवावं.

आणि टेकडीवर काय आहे याची पाहणी करायला माणसं पाठवायची असतील, तर ती भाद्रपदात पाठवावीत, सकाळी आठच्या आत. सोबत गवत ओळखणारं एक माणूस असावं आणि पक्षी ओळखणारं एक. त्यांनी वाटेपासून थोडं आत जावं, गुडघे टेकावे, एक चौरस मीटर जागा दोरीने आखून घ्यावी आणि तिच्यात जे जे उगवलेलं, चालणारं, उडून बसणारं सापडेल त्याची यादी करावी. ती यादी रस्त्याच्या प्रस्तावाला पहिलं पान म्हणून जोडावी, आणि जिथे या प्रस्तावावर मतदान होईल त्या सभागृहात आधी मोठ्याने वाचून दाखवावी.