खरखरीतून आलेली खबर

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा अब्बा तिथेच नोकरीला होते. रत्नागिरीत अम्मी रात्रंदिवस रेडिओला कान लावून बसे. ऑक्टोबरमध्ये अब्बा अम्मानमार्गे विमानाने परतले, तोवर घरात एक चिठ्ठीही आली नव्हती.

आता माझ्याकडे हॅम रेडिओचा परवाना आहे. २०१७ साली आलेल्या ‘एफटी-८’ पद्धतीत दोघे आळीपाळीने पंधरा-पंधरा सेकंद संदेश पाठवतात. कानाला नुसती खरखर लागते; संगणक मात्र त्यातूनही अक्षरे वेचतो.

काल इशानंतर पडद्यावर ‘९के’ने सुरू होणारे संकेतनाम उमटले. कुवेत! एकमेकांचे ठिकाण, सिग्नलची ताकद, शेवटी ‘७३’, म्हणजे शुभेच्छा. संपले.

अम्मीला दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “तेव्हा एवढंच आलं असतं, तरी जेवले असते रे.”